कानात कापूस घालून वऱ्हाडात

पुण्याहून निघताना मी औषधांच्या दुकानातून कापसाची एक गुंडाळी घेतली आणि पर्समध्ये टाकली. मुलगी हसायला लागली. "आई, वऱ्हाडात चाललीस ना? तिथे कापसाला काय तोटा?" मी म्हटलं, तिथला कापूस शेतात असतो बाई, मला तो कानात हवाय.

मी टेलिफोन खात्यात बत्तीस वर्षं ऑपरेटर होते. कानावर हेडफोन, समोर दिव्यांची पाटी आणि दिवसभर अनोळखी माणसांचे आवाज. निवृत्त झाल्यापासून मला शांततेची अशी काही भूक लागली आहे की आमच्या सोसायटीत मी तक्रार-अर्जांसाठी प्रसिद्ध आहे. वॉचमनची शिट्टी, वरच्या मजल्यावरचा मिक्सर, समोरच्यांचा भुंकणारा कुत्रा, सगळ्यांवर माझे अर्ज झाले आहेत. सेक्रेटरी मला जिन्यात पाहिलं की चपला हातात घेऊन जातात असं मुलगी म्हणते. तेवढं खोटं आहे.

अशा बाईनं अमरावतीला आठ दिवस राहायला जावं हे धाडसच. पण तिथे माझी थोरली बहीण, कमलताई, लग्न होऊन गेली त्याला चाळीस वर्षं होत आली. आणि तिचा नवरा, म्हणजे माझे दिनकर भाऊजी, यांचा धंदाच मुळी आवाजाचा आहे. त्यांची स्वतःची ऑटोरिक्षा आहे, तिच्या टपावर दोन भोंगे आहेत, एक पुढे तोंड केलेला, एक मागे. साड्यांचा सेल असो, आरोग्य शिबिर असो, कोणाची सभा असो, नाहीतर माणूस हरवलेला असो, भाऊजी गावभर फिरून ते सांगतात. हल्ली बहुतेक जण आवाज भरलेला पेनड्राईव्ह लावून नुसती रिक्षा चालवतात. भाऊजी मात्र अजून स्वतः बोलतात. रिक्षाच्या हँडलशी चिकटपट्टीनं माईक बांधलेला असतो. "पेनड्राईव्हले लाज नसते मेहुणीबाई," असं ते म्हणतात. "मानसाले असते."

एक जुनी अढीही माझ्या मनात होती, तीही सांगून टाकते. गेल्या वर्षी ताई आणि भाऊजी आमच्याकडे आठ दिवसांसाठी आले होते. दुसऱ्याच दिवशी भाऊजी बॅग भरून उभे. "तुमच्या घरात कोनी बोलतच नाई," म्हणाले आणि गेले. मी पुरणपोळीचा घाट घातला होता. ताईला वाईट वाटू नये म्हणून मी तोंड मिटून बसले, पण राग गेला नव्हता.

अमरावती, सोमवार

स्टेशनवर भाऊजी स्वतः न्यायला आले होते. "जय भीम, मेहुणीबाई!" अशी हाक त्यांनी प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाहून मारली आणि मधल्या सगळ्या प्रवाशांनी वळून पाहिलं. एका आजोबांनी तर हात जोडून उलट जय भीमही केला.

रिक्षात मागच्या सीटवर बॅटरी आणि अँप्लिफायर, उरलेल्या जागेत मी आणि माझी बॅग. मार्च लागला होता, सकाळीच ऊन चटका देत होतं, आणि रस्त्यावर जो तो हॉर्न वाजवत होता. राग म्हणून नव्हे. आपण आहोत हे सांगायला. आपल्याकडे घसा खाकरावा तसा इथे हॉर्न वाजतो. भाजीवाल्यांच्या हातगाडीवर छोटे कर्णे लावलेले, त्यातून "आलू, कांदे, भेदरं" असं एकसारखं चाललेलं. भेदरं म्हणजे टोमॅटो. एका चौकात दोन गाड्या समोरासमोर उभ्या होत्या आणि दोन्हीतून एकाच माणसाचा रेकॉर्ड केलेला आवाज येत होता. दोन्ही गाड्यांचे मालक मात्र शेजारी बसून निवांत बिडी ओढत होते. कोचिंग क्लासच्या फलकांखाली पोरापोरींचे थवे, दुचाक्यांवर तिघं-तिघं, आणि सगळे बोलताहेत ते पलीकडच्या गल्लीला ऐकू जावं अशा बेतानं.

घरी पोचले, पाय धुतले, तोच शेजारच्या गच्चीवरून एक बाई कडाडली, "पुन्याची पाहुनी आली काय वो? जेवली काय?" मला वाटलं माझं काही चुकलं. ताई खालून तितक्याच जोरात ओरडली, "आता तं आली! बसू तं दे तिले!" दहा मिनिटांनी त्याच गच्चीवरून वाडग्यात झाकून गिले वडे आले, वर घट्ट कढी. उडदाचा तो मऊ वडा कढीत डुंबून असा काही होतो की तोंडात चावायचं काम राहत नाही. मी तीन खाल्ले. पुण्यात आमच्या मजल्यावर अठरा वर्षं राहणाऱ्या बाईंनी मला जेवलात का म्हणून एकदाही विचारलेलं नाही, हे तिसऱ्या वड्याच्या वेळी माझ्या ध्यानात आलं.

संध्याकाळी टीव्ही लागला. इतक्या मोठ्यानं, की शोकेसमधले कप थरथरत होते. मी मागून विचारलं, "भाऊजी, जरा कमी करता का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. नाही. मग समोर जाऊन विचारलं तर लगेच, "हो हो, करतो ना!" आणि बोलताना त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नव्हती, ओठांवर होती.

बत्तीस वर्षं मी हेच काम केलं आहे. पलीकडचा माणूस ऐकतोय की नुसतं 'हो हो' म्हणतोय हे मला पहिल्या दोन शब्दांत समजतं. मी स्वयंपाकघरात जाऊन ताईला म्हटलं, "ताई, भाऊजींना कमी ऐकू येतं का गं?"

ताई पातोडीच्या, म्हणजे बेसनाच्या वड्यांच्या, रश्श्याला फोडणी देत होती. "काई नाई वं," ती म्हणाली. "अथी सारेच मोठ्यानं बोलतात. तुलेच हळू बोलाची खोड हाये."

आमची ताई मूळची येरवड्याची. चाळीस वर्षांत वऱ्हाडीत इतकी मुरली आहे की आता तिला माझंच बोलणं परकं वाटतं. मी विषय सोडला. पाहुणी म्हणून आलेय, कशाला नसत्या चौकशा, असं म्हणून मी पर्समधला कापूस काढला, दोन बोळे करून कानात घातले आणि पातोडीच्या रश्श्यावर ताव मारला. रस्सा इतका झणझणीत होता की डोळ्यांतून पाणी आलं.

बुधवार, रिक्षात

मंगळवार ताईच्या मैत्रिणी, संत्री आणि गप्पा यांत गेला. बुधवारी भाऊजी म्हणाले, "चला मेहुणीबाई, आमचं ऑफिस पाहून घ्या." म्हणून मी रिक्षात बसले. भोंगा बरोबर माझ्या डोक्यावर. कानातले बोळे मी बोटानं आणखी आत दाबले.

पहिला तासभर साड्यांचा सेल झाला. माईकवर भाऊजींची भाषा एकदम बदलते. घरात 'मले-तुले' करणारा माणूस माईकवर 'अमरावतीकर बंधू आणि भगिनींनो, एक आनंदाची वार्ता' असं म्हणतो आणि प्रत्येक शब्दाची कड नीट घडी घातल्यासारखी ठेवतो. कापूस होता तरी मला ते स्पष्ट ऐकू येत होतं, इतका आवाज मोठा. मधूनमधून ते अँप्लिफायरचं बटण आणखी फिरवायला मला सांगायचे. "बारीक वाटून राह्यला," म्हणायचे.

चहाला थांबलो असताना तिशीतली एक बाई स्कूटरवरून घाईघाईनं आली. तिचे सासरे सकाळी दळण घेऊन गेले ते परतले नव्हते, फोन उचलत नव्हते, नेहमीच्या गिरणीतही नव्हते. रडवेली झाली होती. भाऊजींनी चहा तसाच ठेवला. हरवलेल्या माणसाची सूचना असली की त्यांच्याकडे बाकी सगळं थांबतं, साड्या काय आणि सभा काय. त्यांनी नाव, वय, कपडे, सगळं विचारून कागदावर तिच्याकडूनच लिहून घेतलं आणि निघालो.

"ऐका, ऐका. श्री. गुलाबराव नावाचे वयस्कर गृहस्थ सकाळपासून घरी परतलेले नाहीत. उंची मध्यम, रंग सावळा, पांढरा पायजमा, डोक्यावर निळी टोपी..."

माणसाच्या चालीनं रिक्षा चालली होती. गल्ल्या, चौक, पुन्हा गल्ल्या. थोड्या वेळानं मला दिसलं की लोक आमच्याकडे बघून हसताहेत, हात हलवताहेत. एका गॅलरीतली बाई तर कठड्यावरून अर्धी बाहेर येऊन दोन्ही हातांनी खुणा करत होती. मीही तिला हात हलवला. पुण्याची माणसं शिष्ट असतात असं कोणाला वाटू नये, म्हणून जरा जास्तच हलवला. भाऊजींनी आरशात बघण्याचा प्रश्न नव्हता, अर्धा आरसा भोंग्याच्या वायरींनी झाकलेला होता. रस्त्याच्या कडेची गर्दी पाहून ते खूश झाले. "पाहा, सारं गाव शोधून राह्यलं," म्हणाले आणि आणखी जोरात बोलायला लागले.

पुढच्या चौकात वाहतूक पोलीस रिक्षासमोर आडवा उभा राहिला आणि त्यानं मागे बोट दाखवलं.

घडलं होतं ते असं. गुलाबकाका नेहमीची गिरणी सोडून दुसऱ्याच एका गिरणीत मित्राशी गप्पा मारत बसले होते. गिरणी चालू, म्हणून पिशवीतला फोन ऐकू आला नाही. मग वीज गेली, गिरणी थांबली, आणि रस्त्यावरून त्यांना स्वतःचंच नाव ऐकू आलं. 'रंग सावळा' ऐकून ते आधी चिडले, मग उठले आणि आमच्या रिक्षामागे धावले. "अरे, मी हाये! मी अथी हाये! थांब!" असं ओरडत ते चार गल्ल्या आमच्या मागे आले. त्यांच्या मागे मुलं, मुलांच्या मागे दुकानदार. हरवलेल्या माणसाला शोधणारी रिक्षा पुढे आणि हरवलेला माणूस मागे, अशी आमची वरात अमरावतीनं भर दुपारी पाहिली. आणि त्या बाईनं गॅलरीतून मला खुणा केल्या त्या मागे बघ म्हणून.

आम्ही उलट फिरलो तेव्हा काका एका दुकानाच्या पायरीवर बसले होते. टोपी हातात, चेहरा लालबुंद, श्वास पुरत नव्हता. कोणीतरी साडी सेलच्याच कागदानं वारा घालत होतं. तेवढ्यात सून आली. तिनं सासऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि मान वर करून भाऊजींना विचारलं, "काका, पन्नास मानसं मांगून बोंबलून राह्यले होते. तुमाले आयकू नाई येत काय?"

भाऊजी तिच्या ओठांकडे बघत होते.

"भोंग्याच्या खाली बसून काय आयकू येनार माय," ते म्हणाले.

लोकांना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. "होय ना बाप्पा, भोंगाच एवढा," असं दोघं-तिघं म्हणाले. गुलाबकाकांना जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावलं, संध्याकाळी ते घरी गेले असा निरोप आला. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. कानातले बोळे मी तिथेच रस्त्यावर काढून फेकले होते.

गुरुवार

गुरुवारी भाऊजींनी रिक्षा काढली नाही. दर दहा मिनिटांनी एकेका गच्चीवरून चौकशी, "दिनकरभाऊ बिमार हाये काय?" ताई ओरडून सांगत होती, सर्दी झाली म्हणून. भाऊजी अंगणात बसून भोंगा पुसत होते. स्वच्छ झालेलाच पुन्हा पुसत होते.

मी खुर्ची घेऊन त्यांच्या अगदी समोर बसले आणि एकेक शब्द सावकाश म्हटला. "भाऊजी, काल माझ्या कानात कापूस होता. म्हणून मला काका ऐकू आले नाहीत. तुमच्या कानात काय होतं?"

ते आणखी एकदा भोंगा पुसू लागले. मग फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "कधी ओळखलं?"

"सोमवारीच."

"मंग बोलल्या काहून नाई?"

चुकलं माझंच होतं. ओळखूनही गप्प बसले, आणि वर स्वतःचे कान बंद करून रिक्षात बसले. रिक्षात दोन माणसं होती. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसरीला ऐकायचं नव्हतं. काकांचं काही बरंवाईट झालं असतं तर त्यात माझा वाटा अर्धा होता. मी तसं त्यांना सांगितलं.

भाऊजी म्हणाले, "मले चार-पाच वर्षं झाले. हळूहळू गेलं. पन अथी लोक बोंबलून बोलतात ना, म्हनून निभून जाते. गोंधळ असला की सारे जोरात बोलतात. मले गोंधळच पायजे." मग म्हणाले, "तुमच्या घरी पुन्याले दोन दिवस मले एक शब्द आयकू नाई आला मेहुणीबाई. तुमी सारे इतके हळू बोलता. जेवतानी तुमी हसले की मीबी हसाचो. कायले हसलो ते मले मालूम नाई. मंग म्या म्हटलं, जा घरी."

वर्षभर मी त्या गोष्टीचा राग धरून बसले होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

ताई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती येऊन त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मले तं सांगाचं होतं." ते त्यांना ऐकू गेलं नाही, कारण ती त्यांच्या खांद्याकडे बघून बोलली होती.

डॉक्टरकडे जायला मात्र भाऊजी तयार होईनात. अमरावतीत कानाचे डॉक्टर आहेत, चांगले आहेत. पण तिथे बाकावर बसलेलं कोणी पाहिलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या चौकांत बातमी. "बहिऱ्याच्या हातात माईक कोन देईन? लोक म्हनतीन, याले सोताचं आयकू येत नाई, हा आमाले काय आयकवते? सारे पेनड्राईव्ह लावतीन." त्यांच्या आवाजात मी पहिल्यांदा भीती ऐकली. तो माईक गेला तर ते नुसते एक म्हातारे रिक्षावाले उरणार होते, आणि ते त्यांना माहीत होतं. शेवटी ताईनं तोडगा काढला. अकोल्याला जायचं. गल्लीत सांगायचं, मावसबहिणीकडे चाललो.

अकोला, शुक्रवार

एसटीच्या खिडक्या खडखडत होत्या, कंडक्टर घंटीची दोरी ओढण्याऐवजी हाक मारत होता, आणि निम्म्या प्रवाशांच्या मोबाईलवर व्हिडिओ चालू होते. एकाच्याही कानाला काही लावलेलं नाही. दोन्ही बाजूंना काळं रान, कापसाच्या पऱ्हाट्या उपटून रचलेल्या, मध्येच हरभरा काढणीला आलेला. शेजारच्या बाईनं मूर्तिजापूर येईपर्यंत उकडलेल्या तुरीच्या शेंगा आमच्या ओंजळीत ओतल्या आणि आपल्या दोन्ही सुनांची सगळी गाऱ्हाणी सांगितली. भाऊजी तिला अचूक उत्तरं देत होते. त्या कल्लोळात त्यांना कोणी बहिरं म्हटलं नसतं. गोंधळ का हवा म्हणाले ते मला तिथे कळलं.

अकोल्यात जठारपेठेच्या अलीकडे डॉक्टरांचा दवाखाना. मला वाटत होतं, कानाचा दवाखाना म्हणजे शांत असेल. संपूर्ण प्रवासात इतकी गोंगाटाची जागा मी पाहिली नाही. बाकांवर बसलेल्या कोणालाच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे नोंदणीच्या टेबलावरची मुलगी टाचा उंचावून ओरडत होती. आमची पाळी आली तशी ती गर्जली, "दिनकरकाका! अमरावतीवाले! दोन्ही कान!"

लपूनछपून आलेल्या माणसाचं नाव याहून मोठ्यानं कोणी घेतलं नसेल. बाकावरचा एक गृहस्थ ताडकन वळला. अमरावतीचाच कापड दुकानदार निघाला, भाऊजींकडून सेल पुकारून घेणारा! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुमी अथी?" "तुमीबी?" मग दुकानदार भाऊजींच्या कानाशी ओरडून म्हणाला, "म्या तुमाले पाह्यलं नाई, तुमी मले पाह्यलं नाई!" ते सगळ्या दवाखान्यानं ऐकलं, म्हणजे ज्यांना ऐकू येत होतं त्यांनी.

तपासणी एका बंद खोलीत झाली. भिंतींना गाद्यांसारखं काही लावलेलं, आवाज म्हणून नाही. भाऊजी आत गेले आणि दोन मिनिटांत दार वाजवायला लागले. "आत काईच नाई वो," घाबरून म्हणाले. "मले वाटलं, मी गेलोच." मी काचेपलीकडे उभी राहीन, तुम्हाला दिसत राहीन, असं सांगितल्यावर पुन्हा बसले. आवाज आला की बटण दाबायचं. मी काचेतून बघत होते. मिनिटामागून मिनिट गेलं, त्यांचा अंगठा बटणावर तयार होता आणि हलत नव्हता. त्यांचा चेहरा परीक्षेतल्या मुलासारखा झाला होता. माझ्यानं बघवेना, तरी मी तिथून हलले नाही.

डॉक्टर स्पष्ट बोलल्या. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते सांभाळायचं. भोंगा निम्म्याखाली आणायचा, त्याच्या थेट खाली बसायचं नाही, आणि कानाला ऐकायचं मशीन लावायचं. माईकवर बोलताना मात्र मशीन काढून ठेवायचं. आठ दिवस वापरून बघायला एक जोडी त्यांनी दिली.

मशीन लावून आम्ही बसस्थानकावर आलो. एक एसटी मागे सरकताना हॉर्न देत होती, शेजारी रसवंतीवाल्याच्या घुंगरांचा खळखळाट. भाऊजींनी दोन्ही हात कानांवर घेतले.

"हा एवढा आवाज असते?"

"असतो."

"अन् तुमी सारे हा रोज आयकता?"

"ऐकतो."

ते बाकावर बसले. मग त्यांनी विचारलं, "माया भोंगाबी असाच लागते काय लोकाईले?"

मी हो म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. परतीच्या एसटीत मूर्तिजापूर जाईपर्यंत ते खिडकीबाहेरचे हॉर्न ऐकत बसले.

घरी पोचल्यावर ताई स्वयंपाकघरात शिरली आणि नेहमीप्रमाणे पुटपुटली, "आता एवढ्या उशिरा पोया टाका याईच्यासाठी." बाहेरच्या खोलीतून भाऊजी म्हणाले, "भात टाक, चालते मले." ताईच्या हातातली परात खाली पडली. चार-पाच वर्षं ती त्यांच्यामागे जे जे पुटपुटली होती त्याचा सगळा हिशेब बहुधा तिला एकदम आठवला. आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

रविवार

माझी परतीची गाडी दुपारची होती. सकाळी भाऊजींनी रिक्षा काढली आणि म्हणाले, "बसा मेहुणीबाई, एक काम राह्यलं." ताईही बसली. कुठे चाललो ते त्यांनी सांगितलं नाही.

रिक्षा गुलाबकाकांच्या गल्लीत थांबली. काका ओट्यावर बसलेले होते, आता बरे दिसत होते. सून दारात ज्वारी पाखडत होती. तिनं आम्हाला पाहिलं आणि सूप तसंच हातात राहिलं. भाऊजींनी मशीन काढून खिशात ठेवलं, अँप्लिफायरचं बटण अर्ध्याच्याही खाली आणलं आणि माईक तोंडाशी घेतला.

"अमरावतीकर बंधू आणि भगिनींनो," अशी नेहमीची सुरुवात झाली आणि ते अडखळले. मग माईकवर मी त्यांची घरातली बोली पहिल्यांदा ऐकली.

"आज सेल नाई. सभा नाई. कोनी हरवलं नाई. मी दिनकर बोलून राह्यलो, याच रिक्षाचा. तीस वर्षं तुमाले आयकवलं. आता मले आयकू येत नाई. बुधवारी या गल्लीतले काका माया मांगं धावले, मले समजलं नाई. मंग मी खोटं बोललो की भोंग्याचा आवाज होता. भोंग्याचा नोता. माया कानाचा दोष होता. काका, मले माफ करा. अन् बाकीच्याईले सांगतो, मले मांगून आवाज देऊ नोका. समोर या, हात वर करा. मी थांबीन."

त्यांनी माईक खाली ठेवला. दारं उघडली होती, गच्च्यांवर माणसं आली होती, एक दुचाकीवाला गाडी बंद करून उभा राहिला होता. मला वाटलं आता सगळे एकदम बोलायला लागतील.

ओट्यावरच्या काकांनी हात वर केला. मग त्यांच्या सुनेनं सूप खाली ठेवून केला. समोरच्या गच्चीवरच्या दोघी, दुचाकीवाला, किराणा दुकानातला माणूस, खिडकीतली आजी, एकेक करून सगळ्या गल्लीनं हात वर केले. जेवलात का हे ओरडून विचारणारी ती माणसं, पण एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. भाऊजी रिक्षातून उतरले आणि हात जोडून उभे राहिले, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत. माझ्या शेजारी ताईनं हात वर केला होता. मीही केला. मी त्यांच्या पाठीमागे होते, त्यांना तो दिसणार नव्हता.